क्वांटम म्हणजे नेमकं काय? मोबाइलपासून मेंदूपर्यंत, सोप्या मराठीत

क्वांटम कम्प्युटर, क्वांटम डॉट टीव्ही, क्वांटम हीलिंग, क्वांटम लॉकेट, मोबाइलच्या मागे चिकटवायचं क्वांटम स्टिकर. शब्द एकच. पण यातल्या काही गोष्टी पक्क्या विज्ञानावर उभ्या आहेत, काही अजून प्रयोगशाळेत आहेत आणि काही सरळसरळ फसवणूक आहे. ऐकणाऱ्याला तिन्ही सारख्याच भारी वाटतात, कारण शब्द अवघड आहे आणि खरं-खोटं विचारायचं कुणाला, हे माहीत नसतं.

मी जिवतीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. जिवती म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातला, माणिकगड पहाडावरचा आणि तेलंगणाला लागून असलेला तालुका. बीएस्सीला फिजिक्स होतं, म्हणून असले प्रश्न माझ्या काउंटरवर नेहमी येतात. या लेखात आपण क्वांटम तीन ठिकाणी शोधू: वस्तूंमध्ये, कम्प्युटरमध्ये आणि मेंदूमध्ये. शेवटी, कुणी ‘क्वांटम’ म्हणून काही विकायला आलं तर त्याला काय विचारायचं, तेही बघू.

आधी अर्थ समजून घेऊ

क्वांटमला मराठीत ‘पुंज’ म्हणतात. पुंज म्हणजे ठरावीक मापाचा गठ्ठा.

आमच्या पहाडाच्या पायथ्याशी गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आहेत. दुकानात सिमेंट ५० किलोच्या पोत्यात येतं. एक पोतं घ्या, दोन घ्या, पण ‘सव्वा पोतं द्या’ म्हटलं तर दुकानदार हसेल. निसर्गात प्रकाशाची ऊर्जा अशीच पोत्यांनी येते. ही कल्पना मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडली आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ती थेट प्रकाशाला लावली. प्रकाशाच्या एका पोत्याला फोटॉन म्हणतात.

फरक एवढाच, की इथे पोत्याचं वजन रंगावर ठरतं. लाल फोटॉन हलका, निळा जड. अणूंच्या जगात ऊर्जा मोजायला ‘इलेक्ट्रॉन व्होल्ट’ हे छोटं माप वापरतात. त्यात लाल फोटॉन साधारण १.९ आणि निळा साधारण २.७ भरतो.

आता महत्त्वाचा नियम. इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायची असेल, तर सहसा एकाच फोटॉननं पुरेशी ऊर्जा द्यावी लागते. शंभर जणांनी एकेक करून गुडघ्याएवढी उडी मारली म्हणून कुणी डोक्याएवढ्या भिंतीपलीकडे जात नाही. तसंच हलके फोटॉन कितीही आले तरी उडी होत नाही. पुढचं बरंचसं या एका नियमातून निघतं.

वस्तूंमधलं क्वांटम: ते आधीपासून तुमच्या खिशात आहे

सिलिकॉनसारख्या पदार्थात इलेक्ट्रॉनसाठी दोन मजले असतात असं समजा. खालच्या मजल्यावर इलेक्ट्रॉन जखडलेला असतो, वरच्यावर तो मोकळा फिरतो. मध्ये राहायला जागाच नाही. या मधल्या रिकाम्या उंचीला ‘बँड गॅप’ म्हणतात. सिलिकॉनसाठी ती १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. अशा पदार्थांना अर्धवाहक किंवा सेमीकंडक्टर म्हणतात.

सोलर पॅनल यावरच चालतं. उन्हातला १.१ पेक्षा जड फोटॉन आला की इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावर जातो आणि वीज मिळते. हलका फोटॉन वाया जातो. जड फोटॉनमधली जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून साध्या सिलिकॉन पॅनलला मिळालेल्या उन्हापैकी फार तर एक तृतीयांश ऊर्जेची वीज करता येते. कंपनीनं कितीही चांगलं पॅनल बनवलं तरी ही मर्यादा निसर्गाची आहे.

एलईडीत हेच उलटं घडतं. वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रॉन खाली पडतो आणि तेवढ्या वजनाचा फोटॉन बाहेर येतो. मजला जितका उंच तितका प्रकाश निळ्याकडे. लाल एलईडी १९६२ मध्येच तयार झाला, पण निळ्यासाठी लागणारा उंच मजला देणारा पदार्थ, म्हणजे गॅलियम नायट्राइड, नीट बनवायला १९९० चं दशक उजाडलं. निळा आल्यावरच पांढरा एलईडी शक्य झाला. तुमच्या मोबाइलचा टॉर्च हा मुळात निळा एलईडी आहे, त्यावर पिवळसर पावडरचा थर दिलेला असतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

आता एक प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. टीव्हीचा रिमोट घ्या. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि कुठलंही बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकताना दिसेल. डोळ्यांना मात्र काहीच दिसणार नाही. रिमोटचा फोटॉन साधारण १.३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. डोळ्यासाठी तो फार हलका, पण सिलिकॉनचा मजला १.१ चाच असल्यामुळे कॅमेऱ्याच्या सेन्सरला पुरतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हा प्रकाश अडवणारं फिल्टर असतं, म्हणून सेल्फी कॅमेरा सांगितला.

तुमचे फोटो साठवणारी मेमरीसुद्धा क्वांटमवर चालते. फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉनला काही नॅनोमीटर जाडीच्या भिंतीआड कोंडून ठेवतात. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. एवढ्या पातळ भिंतीतून, योग्य व्होल्टेज दिलं की, इलेक्ट्रॉन तिच्यावरून उडी न मारता आरपार जातो. याला टनेलिंग म्हणतात. नंतर व्होल्टेज काढलं की तो आत अडकतो आणि फोन बंद असला तरी वर्षानुवर्षं तिथेच राहतो. मेलेल्या फोनची बॅटरी बदलल्यावर जुने फोटो परत दिसतात, ते यामुळे.

रेंज नाही, तरी जीपीएस कसं चालतं?

आमच्या पहाडावर रेंजची नेहमीची कटकट. सीमेवरच्या गावांकडे तर फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी तेलंगणाचा. पण मॅप आधी डाउनलोड केलेला असेल तर निळा ठिपका बरोबर जागी दिसतो. कारण जीपीएसला टॉवर लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून तो थेट वेळेचा सिग्नल घेतो.

खरी कमाल त्या उपग्रहांतल्या घड्याळांची आहे. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढं जरी चुकलं तरी ठिपका पार दुसऱ्या वाडीत जाईल. म्हणून तिथे अणुघड्याळं बसवलेली असतात. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ्या कुठेही गेलात तरी सारख्याच असतात, त्यामुळे त्यांच्यातल्या उडीचा ताल कधी बदलत नाही. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सिझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० आवर्तनांवर केलेली आहे. भारताच्या नाविक यंत्रणेतला एनव्हीएस-०१ हा उपग्रह २९ मे २०२३ रोजी सोडला, त्यात देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे.

क्वांटम कम्प्युटर: काय आहे, काय नाही

साध्या कम्प्युटरचा बिट ० असतो किंवा १. क्वांटम कम्प्युटरचा क्युबिट मोजेपर्यंत दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. यावरून बरेच व्हिडिओ सांगतात की ‘क्वांटम कम्प्युटर सगळी उत्तरं एकाच वेळी काढतो’. हे अर्धवट आहे. शेवटी मोजलं की एकच उत्तर हाती लागतं. क्युबिटच्या अवस्था लाटांसारख्या वागतात, हा खरा मुद्दा. विहिरीत दोन खडे टाकले तर काही ठिकाणी लाटा वाढतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतील आणि बरोबर उत्तराची लाट वाढेल, अशी गणिताची मांडणी करावी लागते. ती काही मोजक्याच प्रश्नांसाठी जमली आहे. म्हणून क्वांटम कम्प्युटरवर पबजी जास्त जोरात चालणार नाही.

महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं? मुंबईच्या कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर आहे. तिथले शास्त्रज्ञ आणि डीआरडीओची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा यांनी मिळून ६ क्युबिटचा प्रोसेसर तयार केला आणि त्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी झाल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. तो इंटरनेटवरून चालवायची बाजू टीसीएसनं सांभाळली. त्याआधी १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली होती, ६,००३.६५ कोटी रुपयांची. त्यात आयआयटी मुंबईकडे क्वांटम सेन्सरची जबाबदारी आहे.

६ क्युबिट म्हणजे किती? त्यांची पूर्ण अवस्था लिहायला ६४ आकडे लागतात. तुमचा साधा अँड्रॉइड फोनसुद्धा हे गणित चुटकीसरशी करेल. पण प्रत्येक जादा क्युबिटला आकडे दुप्पट होतात. ३० क्युबिटला १०७ कोटी आकडे, म्हणजे नुसते लिहून ठेवायला सुमारे १७ जीबी रॅम. ५० क्युबिटला जगातले सर्वांत मोठे सुपरकम्प्युटरही घामाघूम होतात. ६ क्युबिटवर आज काही उपयोगाचं गणित होत नाही, पण ते बनवता येणं ही पहिली पायरी आहे. आपल्याकडच्या बातम्या वाचताना हे प्रमाण लक्षात ठेवा.

अडचण काय आहे? टीआयएफआरमधले क्युबिट अतिवाहक धातूचे आहेत. अतिवाहक म्हणजे प्रचंड थंडीत ज्याचा विजेला होणारा विरोध शून्य होतो असा पदार्थ. अशा दोन पट्ट्यांमध्ये अगदी पातळ अडथळा ठेवला की त्यातून प्रवाह टनेलिंगनं जातो. याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, मेंदूकडे गेल्यावर परत लागेल. हातात धरता येईल एवढ्या सर्किटमध्येही क्वांटमचे नियम दिसतात हे १९८० च्या दशकात दाखवल्याबद्दल क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे क्युबिट निरपेक्ष शून्याच्या साधारण एक शतांश अंश वर, म्हणजे जवळजवळ उणे २७३ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात. अंतराळसुद्धा त्याहून गरम आहे. मे महिन्यात ४५ अंशांपुढे जाणाऱ्या चंद्रपूरच्या माणसाला याचं जास्तच कौतुक वाटेल. जरा उष्णता, जरा धक्का, जरा भटकी लहर आली की मिश्र अवस्था मोडते. याला डीकोहिरन्स म्हणतात. हाही शब्द पुढे लागणार आहे.

मेंदू: इथे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे ठेवा

पहिला प्रश्न: क्वांटमच्या मदतीनं मेंदू बघता येतो का? उत्तर स्पष्ट आहे, हो. रोज बघतात.

एमआरआय घ्या. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो आणि त्याच्या केंद्रकाला ‘स्पिन’ नावाचा क्वांटम गुण असतो. त्यामुळे ते चिमुकल्या चुंबकासारखं वागतं. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये हे चुंबक फक्त ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींना दाद देतात. एफएम रेडिओपासून फार दूर नाही. ते मोठं चुंबक अतिवाहक तारेचं असतं, उणे २६९ अंशांच्या द्रव हीलियममध्ये बुडवलेलं.

पुढची पायरी फंक्शनल एमआरआय. इथे आपल्या रक्ताची एक गंमत कामाला येते. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाजवळ वेगळं वागतं, कारण दोघांतल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या वेगळ्या लागतात. हे १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी शोधलं. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी याच फरकावरून मेंदूचा कोणता भाग जास्त काम करतोय हे पाहता येतं, असं दाखवलं. लक्षात घ्या, यात रक्ताचा प्रवाह दिसतो, विचार वाचले जात नाहीत.

तिसरा मार्ग म्हणजे मेंदूचं स्वतःचं चुंबकत्व मोजणं. मेंदूच्या पेशींत वीज वाहते, त्यामुळे डोक्याबाहेर अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. किती क्षीण? तुमच्या फोनमधला होकायंत्राचा सेन्सर आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास दाखवतो. मेंदूचं क्षेत्र त्याच्या चाळीसेक कोटी पट लहान असतं. ते पकडायला डेव्हिड कोहेन यांनी १९७२ मध्ये स्क्विड नावाचा सेन्सर वापरला. त्याच्या पोटात काय असतं? तेच जोसेफसन जंक्शन. ज्या तुकड्यापासून क्युबिट बनतो, तोच मेंदूची कुजबुज ऐकतो. पण त्यासाठी खास धातूच्या भिंतींची खोली लागते, नाहीतर बाहेरून जाणाऱ्या एका मोटारसायकलनंही सगळं बुडून जातं.

द्रव हीलियमची कटकट नको म्हणून आता हिऱ्यावर काम चाललंय. हिऱ्यातला कार्बनचा एक अणू काढून तिथे नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की तिथे खोलीच्या तापमानालाही टिकणारा क्वांटम सेन्सर तयार होतो. त्यावर हिरवा लेसर टाकला की लाल प्रकाश येतो आणि जवळच्या चुंबकत्वानुसार त्या लाल प्रकाशाची तीव्रता बदलते. आयआयटी मुंबईत अशा हिऱ्यांचे सूक्ष्मदर्शक बनवले जातात. २०२४ मध्ये टीसीएससोबत चिप तपासायचं असं यंत्र करायचंही जाहीर झालं. पुढे याच तंत्रानं मेंदूच्या पेशींचं चुंबकत्व बघता यावं ही जगभरच्या अशा प्रयोगशाळांची इच्छा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे. तेव्हा निर्दोष हिऱ्याला मोल होतं. या सेन्सरला मात्र नेमका दोष असलेलाच हिरा लागतो, आणि तोही प्रयोगशाळेत वाढवलेला.

दुसरा प्रश्न: मेंदू स्वतः क्वांटम कम्प्युटरसारखा चालतो का?

मेंदूतले अणू-रेणू क्वांटम नियमांनी बांधलेले आहेत, हे खरं. पण तसे तर भाकरीचे आणि दगडाचेही आहेत. खरा वाद वेगळा आहे: मेंदूत क्युबिटसारख्या मिश्र अवस्था टिकतात का आणि विचार त्यांच्यामुळे घडतो का? रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी १९९० च्या दशकात मांडलं की, पेशींतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्यांत असं घडतं. २००० मध्ये मॅक्स टेगमार्क यांनी गणित करून दाखवलं की ३७ अंशांच्या ओल्या मेंदूत अशी अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात, किंवा त्याच्याही आधी, मोडेल. पेशीला एक इशारा द्यायला त्याच्या हजार कोटी पट वेळ लागतो. म्हणजे निरोप निघायच्या आतच क्वांटम अवस्था संपलेली. हेच ते डीकोहिरन्स. टेगमार्क यांच्या आकड्यांना हॅमरॉफ यांच्या बाजूनं उत्तरही दिलं गेलं आणि प्रयोग सुरू आहेत. आजची स्थिती अशी, की मेंदू असा चालतो याचा पुरावा नाही आणि बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही.

पेनरोज यांना २०२० चं नोबेल मिळालं म्हणून ‘मेंदूची क्वांटम थिअरी सिद्ध झाली’ असे मेसेज फिरतात. ते नोबेल कृष्णविवरांच्या कामासाठी होतं.

मग सजीवांत क्वांटमचा विशेष खेळ कुठेच नाही का? एक चांगला उमेदवार आहे. युरोपातला रॉबिन पक्षी स्थलांतर करताना पृथ्वीचं चुंबकत्व ओळखतो. त्याच्या डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनातल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे हे होत असावं, असं सुचवणारे बरेच पुरावे आहेत. अंतिम निकाल तिथेही लागायचा आहे.

‘क्वांटम बॉडी चेकअप’: इथे नुकसान होतं

एवढं सगळं सांगायचं कारण आता सांगतो. गावोगावी, बाजाराच्या दिवशी किंवा एखाद्या सभागृहात शिबिर लावून, एक यंत्र दाखवतात. हातात धातूची कांडी धरायची, एक मिनिट थांबायचं, लॅपटॉपवर लिव्हर, किडनी, मेंदू, रक्त सगळ्याचा रंगीत रिपोर्ट. सुई नाही, रक्त नाही. ‘शरीराच्या क्वांटम चुंबकीय लहरी वाचतो’ असं सांगतात. रिपोर्टच्या शेवटी बहुतेक वेळा घ्यायच्या औषधांची यादी असते आणि ती औषधं त्याच टेबलावर मिळतात.

माझ्या वहिनीनं गरोदर असताना अशा शिबिरात तपासणी केली. रिपोर्टवर ‘रक्त: सामान्य’. आशाताई सिकलसेलच्या तपासणीसाठी बोलवायला आल्या, तर वहिनी म्हणाली, “ताई, झाली न माझी तपासणी. कम्प्युटरवर सगळं बरोबर आलंय.” आशाताईंनी ऐकलं नाही, सोबत घेऊनच गेल्या. सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. पुढच्या तपासणीत वहिनी सिकलसेलची वाहक निघाली. मग दादाची तपासणी झाली, त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा घरात सगळ्यांनी श्वास सोडला. दोघंही वाहक असते, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार असण्याची होती.

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल ही कानावरची गोष्ट नाही, घरातली आहे. म्हणून ते यंत्र हे का सांगू शकत नाही, ते नीट समजून घ्या. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्यानं त्याचा विद्युतभार बदलतो. १९४९ मध्ये पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच भाराचा फरक इलेक्ट्रोफोरेसिसनं पकडला. विजेच्या प्रभावाखाली दोन प्रकारचं हिमोग्लोबिन वेगळ्या वेगानं सरकतं. हे तेच पॉलिंग, ज्यांनी रासायनिक बंधांना क्वांटमचे नियम लावून दाखवले. म्हणजे क्वांटम समजणाऱ्या माणसानंसुद्धा हा आजार शोधायला रक्तच घेतलं. आजही तसंच आहे: आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग वाहक की रुग्ण हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

कांडीवाल्या यंत्राचं काय? वर पाहिलंच, मेंदूचं चुंबकत्व मोजायला स्क्विड आणि खास खोली लागते. पंखा, लॅपटॉप आणि दहा मोबाइल असलेल्या हॉलमध्ये हातातल्या कांडीनं ते होत नाही. पटत नसेल तर एकाच माणसाची दोनदा तपासणी करा, दुसऱ्यांदा वय आणि वजन वेगळं टाका. रिपोर्ट माणसाचा येतो की टाकलेल्या आकड्यांचा, ते तिथेच कळेल.

आणि ते स्टिकर?

‘क्वांटम अँटी-रेडिएशन चिप’ मागायला माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, मी ठेवत नाही. मोबाइलच्या लहरींचा फोटॉन लाल प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा सहसा एक लाख पटींहून हलका असतो. उडीचा नियम आठवा: एवढा हलका फोटॉन शरीरातले रेणू तोडू शकत नाही. या लहरींनी थोडी उष्णता होऊ शकते आणि त्यासाठीच सार मर्यादा ठरवली आहे, भारतात किलोमागे १.६ वॅट. डायल पॅडवर *#०७# टाका, तुमच्या फोनचा आकडा दिसेल. शिवाय स्टिकरनं खरंच लहरी अडवल्या असत्या तर रेंज गेली असती आणि फोननं उलट जास्त जोर लावला असता.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*क्वांटम कम्प्युटर माझं यूपीआय हॅक करेल का?* आज नाही. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलेल्या पद्धतीनं आजच्या काही कुलपांचं गणित फुटू शकतं. पण त्यासाठी २०१९ च्या अंदाजानुसार २ कोटी आणि २०२५ च्या सुधारित अंदाजानुसार १० लाखांहून कमी क्युबिट लागतील. अंदाज खाली येतोय, म्हणून तयारीही सुरू आहे. अमेरिकेच्या एनआयएसटीनं ऑगस्ट २०२४ मध्ये नवी कुलपं ठरवून दिली. सिग्नल आणि आयमेसेजनं त्याआधीच तशी सोय सुरू केली होती. तुमचं काम एकच: अपडेट टाळू नका. आणि पैसे आजही जातात ते ओटीपी सांगितल्यामुळे.

*क्वांटम डॉट टीव्ही खरा असतो का?* हो. काही नॅनोमीटरच्या कणांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल आहे.

*घरबसल्या क्वांटम कम्प्युटर वापरता येतो का?* येतो. आयबीएमनं २०१६ पासून तो इंटरनेटवर खुला केला. अकाउंट काढून छोटे प्रोग्रॅम चालवता येतात. थोडं पायथन आलं तर उत्तम.

*यात करिअर करायचं तर?* अकरावी-बारावीला गणित आणि फिजिक्स सोडू नका. पुण्याची आयसर, आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर ही नावं लिहून ठेवा.

विकत घेण्याआधी विचारायचे चार प्रश्न

१. हे यंत्र नेमकं काय मोजतं, आणि कोणत्या एककात? ‘ऊर्जा’, ‘लहरी’, ‘व्हायब्रेशन’ ही उत्तरं चालणार नाहीत.

२. तेवढं क्षीण मोजायला लागणारी थंडी, खोली किंवा लेसर कुठे आहे?

३. दोनदा मोजलं तर तेच उत्तर येतं का?

४. तपासणारा आणि औषध विकणारा एकच आहे का?

हा लेख तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका, विशेषतः शिबिराचं पोस्टर आलं असेल तर. आणि सिकलसेलची तपासणी अजून केली नसेल, तर या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन या. लग्न ठरायच्या आधी केलेली बरी.